पापड कोरडा निघाला त्या दिवशी

येदूकाकाचा धंदा बुडी मारायचा.
आमणापूर ते दुधोंडी, कुणाच्याही विहिरीत
फूटव्हॉल्व्ह अडकला की सायकलवर निरोप यायचा.
बुडीला दोन रुपये. गाळ असेल तर अडीच.
दोर माझ्या हातात. मी नऊ वर्षांची,
घरात शंभरापर्यंत अंक येणारी मी एकटीच.

मुंबईचे केकी दस्तूर वाडीच्या कारखान्यात आले
ते पंप घ्यायला नाही, पंपाचं नुसतं कवच घ्यायला.
त्यात कॅमेरा बसवायचा होता
आणि समुद्राखाली जाऊन मुशीचा सिनेमा काढायचा होता.
मुशी म्हणजे केवढी, फिटर बाबालालनं विचारलं.
साहेबांनी दोन्ही हात पसरले,
मग हात पुरेनात म्हणून चार पावलं चालून दाखवली.

काच बॉयलरच्या गेजची, वायसर सायकलच्या ट्यूबचं,
फटींना राळ आणि मेण.
कॅमेरा महाग, म्हणून आधी आत ठेवला
आईनं लाटलेला उडदाचा पापड.
पहिल्या दिवशी लगदा वर आला.
दुसऱ्या दिवशी वातड.
तिसऱ्या दिवशी पेटी काकाच्या हातून निसटली,
ती तळातून काढेपर्यंत माझे शंभर संपले,
मी पुन्हा एकपासून बारापर्यंत गेले.
चौथ्या दिवशी साहेबांनी पापड कानाशी नेऊन मोडला.
कट्.
काठावर बसलेली माणसं उगाचच उभी राहिली.
साहेबांनी काकाला ओलेत्यानंच विचारलं, येतोस?

मालवणला मी नव्हते.
तिथं दोर कुणी धरला, हे मी कितीदा तरी विचारलं.
एका गाबताच्या पोरानं, काका म्हणायचा,
त्याला मोजता येत नव्हतं, पण तो बोलायचा नाही.
बोकडाची आतडी पाण्यात सोडून बसायचे.
साहेबांच्या पाठीवर हवेची नळकांडी,
काकाजवळ छातीत मावेल तेवढीच.
सतरा दिवस पाणी नुसतं पाणी.
होडीवाले हसायचे. न बोलावता येऊन जाळी फाडते ती,
आमंत्रण दिल्यावर कशाला येईल?

फिल्म धुऊन आली दिवाळी सरल्यावर.
तालमीच्या भिंतीचा चुना ताजा होता.
हिरवं.
बराच वेळ हिरवं.
काकाच्या पायाचा अंगठा, त्यावर सगळे हसले.
मग एक करडी कूस डावीकडून सरकत आली,
सरकतच राहिली, बैलगाडी जावी तशी,
शेवटी कुठं शेपूट,
आणि चित्र एकदम वर गेलं, उजेडाकडं.
एवढंच? सरपंच म्हणाले.
मागून कुणीतरी ओरडलं, यापेक्षा आपल्या नदीतली सुसर बरी,
ती तोंड तरी उघडते.

काकानं रात्री सांगितलं, तेही आईला, मी जागी होते.
सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापारी येतो ना वहिनी,
ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो,
मोडतो, रंग बघतो, टाकतो,
आणि भाव न बोलता पुढच्या ढिगाकडं जातो.
तसं बघितलं तिनं मला.
आई म्हणाली, मग बरंच झालं की.
काका काही बोलला नाही.

साहेब पुन्हा आले नाहीत. एक पत्र आलं,
त्यातलं अर्धंच मास्तरांना लागलं.
पेटी आमच्याकडं राहिली.
मी अजून पावसाळाभर पापड तिच्यातच ठेवते.

काका परत विहिरींत उतरू लागला.
व्हॉल्व्ह सुटला की दोराला दोन हिसके, सत्तरच्या आसपास,
आणि पाठोपाठ त्याचं डोकं, असा जुना हिशेब.
आता हिसके यायचे, डोकं यायचं नाही.
काय करतोस रे खाली?
वळून बघतो, म्हणाला.
पाच परसांची विहीर, चारी अंगांनी काळा दगड,
वळून बघायला तिथं आहे काय?
तरी दर वेळी तेच.
मी मोजत राहायची. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी.
दोर हातात, ओला, ढिला.